बालपणीची परिस्थिती आणि दात

हलाखीत वाढलेले मूल पुढे शिकले, चांगल्या नोकरीला लागले, की त्याचे आरोग्यही सुधारेल असे आपण धरून चालतो. दातांचे तसे नाही. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९७२-७३ साली जन्मलेल्या सुमारे हजार मुलांची संशोधक वर्षानुवर्षे तपासणी करत आले आहेत. त्यांच्या २६व्या वर्षीचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. गरीब घरांतून आलेल्यांपैकी ३२.२ टक्के जणांचे दात बरेच किडलेले होते. सुस्थितीतल्यांत हे प्रमाण होते ९.९ टक्के. हिरड्यांच्या विकारातही असाच फरक होता. ज्यांची परिस्थिती पुढे पालटली, त्यांचीही ही हानी भरून निघाली नव्हती.

असे का? मोडलेले हाड सांधते, कारण त्यात जिवंत पेशी असतात. एनॅमल घडवणाऱ्या पेशी मात्र दात उगवतानाच नाहीशा होतात. त्यामुळे किडीने पडलेला खड्डा आपोआप बुजत नाही. फार तर दंतवैद्य तो भरतो, पण तेवढे पैसे हवेत!

त्यातच कायमची पहिली दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास, दुधाच्या दाढांच्या मागे, कोणताही दात न पडता गुपचूप येते. घरचे तिला दुधाचीच समजतात. पहिली-दुसरीच्या वर्गात आपण ती सहज दाखवू शकतो.