कालव्यात नेमके पाणी किती?

नाशिक जिल्ह्यात वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेपटाला, ओझर परिसरात, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. पाणी मोजून घ्यायचे, हा त्यांचा आग्रह. 2005 च्या कायद्याने संस्थांना घनमापनानेच पाणी देण्याची तरतूद केली. पाणीपट्टी मापावर ठरू लागली की मापाविषयीचे गैरसमजही महाग पडतात.

संथ दिसणारे पाणी आतूनही शांत असते, हा त्यातला एक. मीटरभर खोल पाणी सेकंदाला अर्धा मीटर वेगाने जात असेल, तर त्याचा रेनॉल्ड्स अंक, म्हणजे प्रवाह शांत की खळबळता हे सांगणारा आकडा, काही लाखांत जातो. प्रवाह खळबळता व्हायला काही हजारही पुरतात. भोवऱ्यांमुळे एकाच जागचा वेग सतत कमीजास्त होतो. म्हणून वेग मोजणारा करंट मीटर थोडा वेळ एका जागी धरून त्याच्या चक्राच्या फेऱ्यांची सरासरी काढावी लागते.

पाण्यावर काडी सोडून वेग काढणारे पुष्कळ. पण तळ आणि काठ पाण्याला अडवतात, त्यामुळे वरचा वेग सरासरीपेक्षा बहुधा जास्तच भरतो. तो साधारण 0.85 ने गुणावा लागतो. अरुंद, खोल पाटात तर सर्वांत जोराचे पाणी पृष्ठभागाच्या थोडे खाली असते. कोपऱ्यांमुळे मुख्य प्रवाहाला आडवे, मंद प्रवाह तयार होतात, त्यांचा हा परिणाम. गोल नसलेल्या नळ्यांतले असे प्रवाह जर्मनीत गॉटिंगेनला प्रांट्ल आणि निकुराड्झे यांनी 1920 च्या दशकातच अभ्यासले होते.

म्हणून कालव्याची रुंदी उभ्या पट्ट्यांत विभागतात. प्रत्येक पट्टीत पृष्ठभागापासून 0.6 खोलीवर, किंवा 0.2 आणि 0.8 खोलीवर वेग मोजून सरासरी घेतात. मग वेगाला पट्टीच्या क्षेत्रफळाने गुणून येणारे पट्ट्यांचे विसर्ग जोडतात.

काटछेद सारखा, तर पाणीही सारखे? नाही. 2 मीटर रुंद पाटात अर्धा मीटर पाणी आणि 4 मीटर रुंद पाटात पाव मीटर पाणी, दोन्हींचा काटछेद 1 चौरस मीटर. पण पहिल्यात पाणी 3 मीटर भिंत-तळाला घासते, दुसऱ्यात साडेचार. उतार आणि अस्तर सारखे असले, तरी पहिला पाट सुमारे 30 टक्के जास्त पाणी वाहून नेतो.

सर्वांत घातक समज मात्र मोजपट्टीचा: पातळी चढली म्हणजे पाणी वाढले. खाली गवत माजले किंवा गाळ साचला, की विसर्ग तेवढाच असूनही पातळी चढते. विसर्ग मोजायला कालव्यात बांधलेल्या स्टँडिंग वेव्ह फ्ल्यूमच्या अरुंद गळ्यातून पाणी पुरेशा वेगाने निसटते, तेव्हा खालच्या तुंबाऱ्याचा परिणाम वर पोचत नाही आणि वरच्या बाजूच्या एका पातळीवरून विसर्ग कळतो. पण खालचे पाणी फार चढून फ्ल्यूम बुडाला, तर तेच वाचन फसवे ठरते. आवर्तन सुटण्याआधी संस्थांनी फ्ल्यूमचा गळा आणि त्याच्या खालचा पाट आवर्जून साफ करून घ्यावा.