रात्रीचा डोंगर

आफ्रिकेच्या दक्षिणेला लेसोथो नावाचा लहानसा देश आहे. तिथले लोक बासोथो. त्यांचा पवित्र डोंगर म्हणजे थाबा बोसिऊ. थाबा म्हणजे डोंगर, बोसिऊ म्हणजे रात्र. दिवसा ठेंगणा दिसणारा हा डोंगर रात्री वाढतो, असं लोक सांगतात.

१८२४ साली मोश्वेश्वे हा सरदार माणसं आणि गुरं घेऊन इथे आला. ते दिवस लढायांचे आणि उपासमारीचे होते. वाटेत माणसं खाणाऱ्या टोळीनं त्याच्या म्हाताऱ्या आजोबांना धरलं आणि खाल्लं!

डोंगराचा माथा सपाट. वर झरे आहेत, गुरांना चाराही आहे. भोवती उभे कडे. वर जायला थोड्याच वाटा. शत्रू चढू लागला की वरून धोंडे लोटायचे. १८६५ साली बोअर लोक तोफा घेऊन आले. त्यांचा पुढारी वेपनर वाटेतच पडला. मोश्वेश्वेच्या हयातीत हा गड कुणालाही घेता आला नाही.

ती टोळी पुढे त्याच्या हाती लागली. लोक म्हणाले, "मारून टाका." मोश्वेश्वे म्हणाला, "माझे आजोबा यांच्या पोटात आहेत. ही तर त्यांची थडगी. थडगं कुणी मोडतं का?" त्यानं त्यांना सोडलं, असं बासोथो सांगतात.

मोश्वेश्वे १८७० साली वारला. त्याची समाधी माथ्यावरच आहे. पाहुणे वाटाड्याबरोबर चढून ती पाहतात. वरून शेजारचा किलोआने हा सुळका दिसतो. बासोथोंची गवती टोपी त्याच्याच घाटाची, असं म्हणतात. ती टोपी २००६ पासून देशाच्या निशाणावर आहे.