कॅप्सूलला हात लावू नका

संपादकांनी मागितला होता जुन्या लाऊडस्पीकरवाल्यांवरचा लेख. त्यासाठी लॅमिंग्टन रोडवर गेलो आणि एका पोटमाळ्यावर, दुरुस्तीच्या टेबलाशी अडकलो. टेबलावर शुअर कंपनीचा ५५ एस होता. क्रोमच्या उभ्या पट्ट्यांचा हा माईक नाव माहीत नसलं तरी बहुतेकांनी पाहिलेला असतो; एल्विस प्रेस्लीच्या १९९३ सालच्या अमेरिकी टपाल तिकिटावरही तो आहे. हा नग साताऱ्याकडच्या एका लाऊडस्पीकरवाल्याने पाठवलेला. तक्रार एवढीच: आवाज बारीक येतो.

एस. एन. शुअर यांनी १९२५ साली शिकागोत रेडिओचे सुटे भाग विकायला सुरुवात केली. १९३९ मध्ये त्यांच्याकडचे तरुण इंजिनिअर बेंजामिन बाउअर यांनी युनिडाइन, म्हणजे ५५, तयार केला. समोरचा आवाज घ्यायचा आणि पाठचा टाळायचा, तर तोवर एका खोक्यात दोन वेगळ्या जातीचे माईक बसवून त्यांची बेरीज करावी लागे. बाउअर यांनी ते एका पडद्यावर भागवलं. पाठीमागून येणाऱ्या आवाजाला पडद्याच्या पुढच्या बाजूपर्यंत वळसा पडतो. मागच्या छिद्रांतून आत शिरणाऱ्या आवाजाला त्यांनी आतल्या रचनेने तेवढाच उशीर लावला. दोन्हीकडून एकाच क्षणी सारखा दाब आला की पडदा हलतच नाही. कर्ण्याची शिट्टी आटोक्यात ठेवायला याची मोठी मदत झाली. लहान आकाराचा ५५ एस १९५१ चा. (गांधी-नेहरूंच्या छायाचित्रांत माईकवर ‘शिकागो रेडिओ’ अशी पाटी दिसते, ती मुंबईच्या मोटवाने यांच्या कंपनीची, शुअरची नव्हे.)

टेबलामागचे काका सत्तरीच्या पुढचे. माईक हातात आला की कुणीही आधी स्क्रू शोधेल. त्यांनी तो बराच वेळ नुसता फिरवून पाहिला, हलवून कानाशी धरला. “आधी वायर, मग स्विच, मग ट्रान्सफॉर्मर. कॅप्सूल शेवटी. बहुतेक वेळा तिथवर जावंच लागत नाही,” ते म्हणाले. कॅप्सूल म्हणजे पडदा आणि कॉइल असलेला माईकचा गाभा.

वायर ठीक निघाली. आजचा एक्सएलआर प्लग रुळण्याआधीचा, आट्यांनी आवळायचा प्लग या माईकला लागतो आणि तो आता सहज मिळत नाही, म्हणून लोक कुठलाही प्लग डाख देऊन जोडतात. इथे तसं झालं नव्हतं. मग स्विच. ५५ एसवर एल, एम, एच अशी इम्पीडन्स बदलायची सोय आहे. जुन्या व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरला ‘एच’ लागायचं. आजच्या मिक्सरला ‘एच’वरचा माईक लावला तर आवाज पडतो. हा ‘एच’वरच होता. काकांनी स्क्रूड्रायव्हरने तो ‘एल’वर आणला आणि निम्मी तक्रार तिथेच मिटली.

उरलेली निम्मी मला जास्त महत्त्वाची वाटली. आवाज मोठा झाला, पण भारी स्वरावर खरखर येऊ लागली. आता उघडणं भाग होतं. जाळीच्या आतलं अस्तर इतक्या वर्षांत कुजून त्याचा भुगा झाला होता. काकांनी माईक पालथा धरून तो मऊ ब्रशने खाली पाडला. फुंकर मारली नाही, कारण फुंकरीने भुगा थेट पडद्यावर जातो. मग कॅप्सूलच्या तारा सोडवून मीटर लावला. प्लगपाशी मीटर लावून कॉइल कळत नाही, तिथे ट्रान्सफॉर्मरच मोजला जातो, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. कॅप्सूलमधून बारीक ‘टक’ ऐकू आलं. कॉइल जिवंत होती. (रिबन माईकवर मात्र ही चाचणी करू नये. त्याची पट्टी इतकी नाजूक असते की मीटरचा करंटही तिला महागात पडू शकतो.)

मग खरखर कशाची? पडद्याला चिकटलेली केसाएवढ्या तारेची कॉइल लोहचुंबकाच्या अरुंद फटीत कुठेही न घासता हलायला हवी. त्या फटीत लोखंडाचा कण शिरला की ती घासते. चुंबक असे कण वर्षानुवर्षं ओढून घेतो आणि त्याच टेबलावर कानस चालवणारा कारागीर आणखी देतो. वरचा कण चिकट मातीच्या टोकाने उचलता येतो; आत गेलेला काढायचा तर पडदा सोडवावा लागतो आणि पडदा पुन्हा तंतोतंत मध्यावर बसेलच याची हमी नाही. चुंबकाची जोडणी सुटी करणं तर त्याहून वाईट: त्या काळचे अल्निको चुंबक लोखंडी चौकटीतून बाहेर काढले की कमजोर होतात. माईक परत जुळतो, दिसायला छान दिसतो, आवाज मात्र कायमचा खाली जातो. कॉइलची तार तुटली तर नवी गुंडाळी करणारे हात काकांच्या माहितीत आता राहिलेले नाहीत. काही जण जुन्या क्रोमच्या टोपीत नवी स्वस्त कॅप्सूल बसवून देतात. माईक चालतो, पण बाउअर यांचं काम त्यातून गेलेलं असतं. अस्तराच्या जागी जाड स्पंज कोंबणारेही आहेत. मागची वाट बुजते आणि शिट्टी पुन्हा सुरू होते.

काकांनी वरचे दोन कण उचलले, अस्तराच्या जागी पातळ कापड लावलं आणि थांबले. थोडी खरखर राहिली. “भाषणाला चालेल. याहून खोल मी जाणार नाही, सांगा त्यांना,” एवढंच बोलून त्यांनी जाळी बसवली. मला तो निर्णय अत्यंत योग्य वाटला.

तुमच्या मंडळाच्या, शाळेच्या किंवा नाट्यगृहाच्या कपाटात असा जुना माईक असेल तर त्यात तेल घालू नका, फुंकर मारू नका, क्रोम चमकवण्यासाठी पाण्यात बुडवू नका. स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत ठेवा, लोखंडी अवजारांपासून लांब. दुरुस्तीला दिलात तर पहिल्यांदा वायर आणि स्विच तपासायला सांगा, आणि तुम्हाला विचारल्याशिवाय कॅप्सूल उघडायची नाही, हे चिठ्ठीवर लिहून माईकला बांधा.