चूक दोघांची असली तर भरपाई बुडते का?

गटाच्या बैठकीत अपघाताचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "गाडीवर तिघं होते, मग कसली भरपाई?" एवढ्यावर घरचे गप्प बसतात आणि दावाच करत नाहीत. म्हणून आज आपण कोर्ट दोष कसा वाटतं ते समजून घेऊ.

समजा, अंबडच्या रस्त्यावर रात्री उसाची ट्रॉली उभी आहे. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. मोटारसायकलवाला जोरात येऊन तिच्यावर आदळतो. चूक ट्रॉलीवाल्याची आहे, तशी वेगाचीही आहे. अशा वेळी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण पुरावा बघून दोषाचे वाटे पाडतं. समजा ट्रॉलीचा दोष 70 टक्के आणि मोटारसायकलवाल्याचा 30 टक्के ठरला. नुकसान 10 लाखांचं असेल, तर 3 लाख वजा होतात आणि 7 लाख मिळतात. आपला वाटा कमी होतो, पण दावा बुडत नाही.

मुंबईत एक तरुण सायकलस्वार बेस्टच्या बसखाली गेला. मुलानं रहदारीचा नियम मोडला होता. 2003 साली सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या चुकीपुरती रक्कम कमी केली, पण आईवडिलांना भरपाई दिली.

आता तिघांच्या गाडीचं बघू. 2020 च्या एका निकालात मोटारसायकलवर तिघं होते आणि मागून कारनं धडक दिली. उच्च न्यायालयानं तिघं बसले म्हणून 10 टक्के कापले होते. सर्वोच्च न्यायालयानं ती कपात रद्द केली. तिघं बसणं नियमाविरुद्धच आहे, त्याचा दंड होईल. पण तिघं बसल्यामुळेच अपघात झाला किंवा मार जास्त लागला, हे दाखवल्याशिवाय भरपाई कापता येत नाही. लायसन्सचंही तसंच. नुसतं लायसन्स नव्हतं म्हणून अपघाताचा दोष अंगावर येत नाही.

आपण बायका बहुतेक वेळा मागच्या सीटवर असतो. दोन गाड्यांच्या चालकांच्या चुकीनं आपल्याला मार लागला, तर आपला त्यात दोष नसतो. तेव्हा पूर्ण भरपाई दोन्हीपैकी कोणत्याही एका बाजूकडून मागता येते. त्यांनी आपसात काय वाटून घ्यायचं ते त्यांचं त्यांनी बघावं. आणि "ती घरीच असते, कमवत नाही" हेही कोर्ट ऐकत नाही. घरकामाची किंमत पैशात धरावी, असं सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये पुन्हा सांगितलं आहे.

मग आपण काय करायचं? दोषाची वाटणी कागदावर ठरते, म्हणून कागद जपायचे. फिर्यादीची आणि घटनास्थळ पंचनाम्याची नक्कल घ्या. ट्रॉलीला दिवा नव्हता, हे पंचनाम्यात लिहिलंय का ते वाचून घ्या. जमलं तर गाड्या हलवण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. बघणाऱ्यांची नावं लिहून ठेवा. दवाखान्याची बिलं, शिलाईच्या किंवा शेळ्यांच्या धंद्याची वही, गटाचं पासबुक हे सगळं एका पिशवीत ठेवा. कमाई दाखवायला ते उपयोगी पडतं. समोरचा थोडे पैसे देऊन कोऱ्या कागदावर सही मागत असेल, तर सही करू नका.

कायद्यात दाव्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत लिहिली आहे, म्हणून दिवस घालवू नका. अपघात परजिल्ह्यात झाला तरी आपण राहतो तिथे दावा लावता येतो. वकिलाच्या पैशाची काळजी असेल, तर जालन्याच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. बाईला तिथे उत्पन्नाची अट नाही, वकील मोफत मिळतो. फोन 15100.

तेव्हा पुढच्या बैठकीत कुणी म्हणालं, "चूक आपलीबी होती, जाऊ द्या," तर तिला विचारा: किती होती, आणि ते कुणी ठरवलं?