इंधन गळती, मोटारगाडीतील
टाकीपासून एंजिनापर्यंतच्या मार्गातून इंधन झिरपणे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने खाली साचते व सु. −४०° से. तापमानालाही ठिणगीने पेटू शकते. म्हणून पेट्रोल ठिबकत असल्यास एंजिन सुरू करीत नाहीत. पिंपरी येथे तयार झालेली इंडिका (१९९८) पेट्रोल व डीझेल अशा दोन्ही प्रकारांत मिळे. दोहोंतील गळतीची लक्षणे मात्र भिन्न. पेट्रोल उडून जाते, मागे वास उरतो. डीझेलच्या तेलकट थरावर धूळ बसते. डीझेल पंपाच्या शोषण बाजूस फट पडल्यास इंधन बाहेर येण्याऐवजी हवाच आत शिरते व रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू होण्यास त्रास देते. ही गळती डोळ्यांना दिसत नाही. मार्गात पारदर्शक नळी जोडल्यास बुडबुडे दिसतात. डीझेलच्या दाबाच्या बाजूचे सांधे पुसून, एंजिन चालवून, प्रथम ओला होणारा सांधा शोधतात. थेंब पडतो तेथेच दोष असतो असे नाही. कॉमन रेल पद्धतीत दाब १,००० बारहून अधिक असू शकतो व फवारा त्वचेत घुसतो, म्हणून हाताने चाचपणे घातक ठरते. दुरुस्तीपूर्वी एंजिन थंड करून दाब उतरवितात व बॅटरीचे ऋण अग्र सोडवितात. तडकलेली रबरी नळी चिकटपट्टीने बांधणे हा उपाय नव्हे. ती बदलावीच लागते. सांध्यातील तांब्याचे वॉशरही नवे घालतात.