सुरमई, कोथरूड आणि घरमालक

रात्रीचे सव्वाआठ. हिंजवडीहून निघून चांदणी चौक पार करत तुम्ही एकदाचे पौड रोडला लागता. पोटात कावळे. डब्यातली फ्लॉवरची भाजी नको, पिझ्झ्याचाही कंटाळा. डोळ्यांसमोर येते ती कुरकुरीत सुरमई... आणि पाठोपाठ घरमालकांचा चेहरा! फ्लॅट बघायला गेलात तेव्हा डिपॉझिटच्याही आधी प्रश्न आला होता, "नॉनव्हेज करत नाही ना?" आणि तुम्ही काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली होती.

कोथरूडमध्ये भाड्यानं राहणाऱ्या मालवणी, गोवेकर, कारवारी पोरापोरींचं हे नेहमीचं दुखणं. पण माझा अनुभव असा, की पुष्कळांचा राग माशावर नसतो, वासावर असतो. आणि वासाचा बंदोबस्त करता येतो.

ताज्या समुद्री माशाला उग्र वास नसतोच. त्याच्या अंगात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचं बिनवासाचं द्रव्य असतं. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमाइन करतात आणि घमघमाट सुटतो. आंबट लावलं की हे द्रव्य बांधलं जातं, हवेत कमी उडतं. आजी तुकड्यांना आधी कोकमाचं आगळ का चोळायची, कळलं?

तर चार तुकड्या धुऊन कोरड्या पुसा. अर्धा चमचा हळद, एक मोठा चमचा आगळ (नाहीतर अर्ध्या लिंबाचा रस), चमचाभर आलं-लसूण पेस्ट, दोन चमचे मालवणी मसाला. आगळ खारट असतं, मीठ बेतानं. पंधरा मिनिटं पुरे; तेवढ्यात तुमची आंघोळ आणि कुकर दोन्ही होतं. सकाळी लावून ऑफिसला जाण्याचा शहाणपणा नको, आंबटानं मांस भुसभुशीत होतं. मग रवा आणि तांदळाचं पीठ निम्मं-निम्मं घेऊन तुकड्या घोळवा, मध्यम आचेवर थोड्या तेलात एका बाजूनं तीन-चार मिनिटं, तेवढंच दुसऱ्या बाजूनं. एकदाच उलटा! माशाचे स्नायू मटणासारखे चिवट नसतात, म्हणून तो झटकन शिजतो आणि जरा दुर्लक्ष झालं की तितक्याच झटकन कोरडा पडतो. तेलाचा धूर होऊ देऊ नका, घरभर रेंगाळतो तो वास त्याचाच.

काट्यांची भीती असेल तर फ्रोझन बासाचे फिले आणा. सकाळी फ्रीजरमधून काढून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवले की रात्री तयार. गोड्या पाण्यातला मासा, त्यामुळे वास कमी, पण चवही कमी. माशांमधला दुधी भोपळाच म्हणा ना! मसाला सढळ हातानं लावा. जून-जुलैत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, तेव्हा मात्र त्याच्यावर भागवावं लागतं. ताजं हवंच असेल तर रविवारी सकाळी गणेश पेठेतला मासळी बाजार गाठा.

उरलेले काटे पिशवीत घट्ट बांधून सरळ फ्रीजरमध्ये टाका, सकाळी घंटागाडी आली की ओल्या कचऱ्यात. तव्याला बेसन चोळा.

आणि घरमालक? ॲग्रीमेंट रिन्यू करताना मी काकांना सरळच विचारलं. चष्म्यावरून दोन मिनिटं बघत राहिले. म्हणाले, "करा. पण आमच्या बाजूची खिडकी लावून घ्या. आणि गुरुवारी नको."