शैक्षणिक श्रवणतज्ज्ञ

शाळेच्या व्यवस्थेत राहून विद्यार्थ्यांच्या श्रवणाशी संबंधित गरजा पाहणाऱ्या तज्ज्ञास शैक्षणिक श्रवणतज्ज्ञ म्हणतात. मुलाला किती ऐकू येते हे मोजणे हा या कामाचा केवळ आरंभ होय. वर्गात शिकवले जात असताना त्या मुलापर्यंत काय पोहोचते, काय निसटते आणि निसटणारे त्याला कसे मिळवून देता येईल, हे ठरवणे हा त्याचा गाभा आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सार्वजनिक शाळांमध्ये ही सेवा १९७५ च्या केंद्रीय कायद्यापासून विशेष शिक्षणाशी जोडलेली आहे. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने तेथील व्यवस्थेची माहिती दिली असून शेवटी भारतातील स्थितीचा थोडक्यात आढावा घेतला आहे.

इतिहास

अमेरिकेत कर्णबधिर मुलांचे शिक्षण दीर्घकाळ स्वतंत्र निवासी शाळांमधून होत असे. अशी पहिली कायमस्वरूपी शाळा १८१७ मध्ये कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथे सुरू झाली. सर्वसाधारण शाळांमधील ज्या मुलांना थोडे कमी ऐकू येत असे, त्यांच्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष नव्हते. १९२० च्या दशकात भौतिकशास्त्रज्ञ हार्वे फ्लेचर आणि न्यूयॉर्कचे कर्णरोगतज्ज्ञ एडमंड फाउलर यांनी शाळकरी मुलांची सामूहिक श्रवणचाचणी प्रचारात आणली. ध्वनिमुद्रिकेवरील आवाज क्रमाक्रमाने क्षीण होत जाणाऱ्या स्वरात अंक उच्चारी आणि कानाला श्रवणिका लावून बसलेली मुले ऐकू आलेले अंक कागदावर लिहीत. या पद्धतीने एका वेळी सुमारे ४० मुलांची तपासणी होऊ शके.

श्रवणशास्त्र ही स्वतंत्र विद्याशाखा म्हणून दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आकाराला आली. युद्धात श्रवणशक्ती गमावलेल्या सैनिकांच्या पुनर्वसनासाठी लष्करी रुग्णालयांत विशेष केंद्रे उघडण्यात आली. त्यांपैकी एका केंद्रात काम केलेले रेमंड कारहार्ट यांनी पुढे नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात या विषयाच्या अध्यापनाचा पाया घातला. १९७५ च्या कायद्यानंतर अपंग मुले मोठ्या संख्येने जवळच्या सार्वजनिक शाळांत येऊ लागली आणि शाळेतच काम करणाऱ्या श्रवणतज्ज्ञांची गरज वाढली. या व्यावसायिकांची एज्युकेशनल ऑडिओलॉजी असोसिएशन ही संघटना १९८३ मध्ये स्थापन झाली.

ऐकू येणे आणि समजणे

रुग्णालयातील श्रवणचाचणी ध्वनिरोधक खोलीत होते. शाळेचा वर्ग तसा नसतो. बाकांची सरकासरक, पंखे व वातानुकूलन यंत्रे, शेजारच्या वर्गातील गलका, खिडकीबाहेरची रहदारी आणि खुद्द वर्गातील मुलांची कुजबूज यांतून शिक्षकांचा आवाज वाट काढत असतो.

यात तीन घटक महत्त्वाचे असतात. पहिला घटक अंतराचा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी ६ डेसिबलने घटते. शिक्षकांपासून एक मीटरवर ६५ डेसिबल असलेला आवाज या हिशेबाने चार मीटरवर ५३ डेसिबल उरतो. वर्गात त्याच वेळी ५५ डेसिबल गोंगाट असेल, तर पुढच्या बाकावर शब्द गोंगाटाच्या वर राहतात आणि मागच्या बाकावर त्याखाली बुडतात. दुसरा घटक निनादनाचा. भिंती, फरशी आणि छतावरून परतलेल्या ध्वनीमुळे मागच्या बाकापर्यंत आवाज काहीसा अधिक पोहोचतो खरा, परंतु एका शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर पडून दोन्ही अस्पष्ट होतात.

तिसरा घटक स्वतः श्रवणदोषाचा. अनेक मुलांना स्वर नीट ऐकू येतात, पण ‘स’, ‘फ’, ‘थ’ यांसारखी उच्च कंप्रतेची आणि कमी तीव्रतेची व्यंजने ऐकू येत नाहीत. इंग्रजीत शब्दाच्या अखेरचा ‘स’ अनेकवचन, मालकी आणि क्रियापदाचे रूप दाखवतो. तो ऐकूच न आल्यास मुलाचे व्याकरण कच्चे राहते. मराठीत ‘साठ’ आणि ‘आठ’ यांतील भेदही अशाच एका व्यंजनावर अवलंबून आहे. आवाज ऐकू येत असल्यामुळे असे मूल हाक मारल्यावर वळून पाहते. त्यामुळे त्याला कमी ऐकू येते हे घरी आणि शाळेत चटकन लक्षात येत नाही. त्याच्यावर दुर्लक्ष करणारे, आळशी किंवा हट्टी असा शिक्का बसतो.

सौम्य दोषाचे परिणाम सौम्यच असतात, हा समज व्हँडरबिल्ट विद्यापीठातील संशोधनाने खोडून काढला. फ्रेड बेस आणि ॲन मेरी थार्प यांनी १९८४ मध्ये केवळ एका कानाने कमी ऐकू येणाऱ्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील सुमारे ३५ टक्के मुलांना किमान एकदा त्याच इयत्तेत पुन्हा बसावे लागले होते. बेस आणि सहकाऱ्यांच्या १९९८ मधील पाहणीत ५.४ टक्के शालेय मुलांमध्ये अत्यल्प स्वरूपाचा कायमचा श्रवणदोष आढळला आणि त्यांपैकी ३७ टक्के मुले किमान एकदा मागे राहिलेली होती.

कायदेशीर चौकट

१९७५ मध्ये संमत झालेल्या कायद्याने अपंग मुलांना विनामूल्य व योग्य सार्वजनिक शिक्षणाचा हक्क दिला. १९९० मध्ये या कायद्याचे नाव बदलून ‘अपंग व्यक्ती शिक्षण कायदा’ असे करण्यात आले. त्याखालील नियमांत श्रवणसेवा ही ‘संबंधित सेवा’ म्हणून गणली आहे. श्रवणदोष असलेली मुले शोधणे, दोषाचे स्वरूप व तीव्रता ठरवणे, श्रवण व भाषेचे प्रशिक्षण देणे, श्रवणहानी टाळण्याचे कार्यक्रम राबवणे, पालक व शिक्षकांना मार्गदर्शन करणे आणि ध्वनिवर्धक साधनांची निवड व परीक्षा करणे ही कामे तेथे नोंदलेली आहेत. शाळेत वापरली जाणारी श्रवणयंत्रे नीट चालतात याची खात्री करण्याची जबाबदारीही शाळेवर आहे. कॉक्लियर इम्प्लांटच्या बाह्य भागांची नेहमीची तपासणी या जबाबदारीत येते. त्याचे अंतर्गत मापन व जुळणी मात्र येत नाही.

या कायद्यातील श्रवणदोषाची व्याख्या डेसिबलवर आधारलेली नाही. कायमचा असो वा कमीजास्त होणारा, ज्या दोषाचा मुलाच्या शैक्षणिक प्रगतीवर प्रतिकूल परिणाम होतो तो येथे श्रवणदोष मानला जातो. त्यामुळे केवळ श्रवणआलेख पुरेसा ठरत नाही. शिक्षणावरील परिणाम दाखवून द्यावा लागतो आणि तो दाखवण्याचे काम बहुधा शैक्षणिक श्रवणतज्ज्ञाकडे येते. ज्यांना विशेष शिक्षणाची गरज नाही, पण वर्गात सोयी हव्या असतात, अशा मुलांना १९७३ च्या पुनर्वसन कायद्याच्या ५०४ व्या कलमाचा आधार मिळतो.

कामाचे स्वरूप

चाळणी तपासणी : ठरावीक इयत्तांतील सर्व मुलांची तपासणी साधारणतः १०००, २००० आणि ४००० हर्ट्झ कंप्रतेच्या २० डेसिबल तीव्रतेच्या स्वरांनी केली जाते. लहान मुलांमध्ये मध्यकर्णात द्रव साचण्याचे प्रमाण बरेच असल्याने कानाच्या पडद्याची हालचालही तपासतात. प्रत्यक्ष तपासणी अनेकदा परिचारिका किंवा प्रशिक्षित साहाय्यक करतात. पद्धत ठरवणे, न उत्तरलेल्या मुलांची फेरतपासणी करणे आणि गरजेप्रमाणे त्यांना डॉक्टरांकडे पाठवणे ही श्रवणतज्ज्ञाची कामे होत. नवजात बालकांची तपासणी सर्वत्र होत असली तरी ही चाळणी अनावश्यक ठरत नाही, कारण काही श्रवणदोष जन्मानंतर उद्भवतात किंवा हळूहळू वाढतात.

वर्गातील मूल्यमापन : चेरिल डीकॉन्डे जॉन्सन यांच्या नावाशी निगडित असलेल्या एका पद्धतीत मुलाला त्याच्याच वर्गात वाक्ये किंवा शब्द ऐकवून पुन्हा म्हणायला सांगतात. जवळून व दुरून, शांततेत व गोंगाटात, बोलणाऱ्याचा चेहरा दिसत असताना व नसताना अशा आठ परिस्थितींत त्याचे गुण नोंदवले जातात. शांत खोलीत जवळून जवळजवळ सर्व शब्द सांगणारे मूल दुरून, गोंगाटात आणि चेहरा न दिसता किती मागे पडते, हे शिक्षक व पालकांना या तुलनेतून स्पष्ट दिसते. याखेरीज कॅरन अँडरसन यांनी १९८९ मध्ये तयार केलेली १५ प्रश्नांची शिक्षक-प्रश्नावलीही वापरली जाते. तीत अभ्यास, लक्ष, संवाद, वर्गातील सहभाग आणि वर्तन या पाच अंगांनी मुलाची वर्गमित्रांशी तुलना करतात.

साधने : दूरस्थ मायक्रोफोन हे यांतील सर्वांत परिणामकारक साधन होय. शिक्षक आपल्या ओठांपासून सुमारे १५ ते २० सेंटिमीटर अंतरावर मायक्रोफोन लावतात आणि त्यांचा आवाज बिनतारी मार्गाने थेट मुलाच्या श्रवणयंत्रात पोहोचतो. मूल कोठेही बसले तरी त्याच्या दृष्टीने शिक्षक जवळच असतात. मात्र साधन देऊन काम संपत नाही. वर्गमित्रांची उत्तरे ऐकू येण्यासाठी मायक्रोफोन हातोहात फिरवावा लागतो आणि वर्गाबाहेरच्या खासगी संभाषणाच्या वेळी तो बंद ठेवण्याची सवय शिक्षकांना लावावी लागते.

दैनंदिन तपासणी : सेल उतरलेला असणे, कानातील साच्याची नळी घामाने किंवा मळाने बुजणे, मूल वाढल्यामुळे साचा सैल होऊन शिटीसारखा आवाज येणे, ही बंद श्रवणयंत्रांची नेहमीची कारणे आहेत. यासाठी शिक्षकांना डॅनियल लिंग यांची सहा ध्वनींची चाचणी शिकवली जाते. ‘म’, ‘ऊ’, ‘आ’, ‘ई’, ‘श’ आणि ‘स’ हे ध्वनी चेहरा झाकून उच्चारले जातात आणि मूल ते पुन्हा म्हणते. बोलण्यातील खालपासून वरपर्यंतच्या कंप्रता या सहा ध्वनींत येत असल्याने एका मिनिटात यंत्राची स्थिती कळते.

वर्गाची ध्वनिव्यवस्था : अमेरिकेच्या २००२ मधील राष्ट्रीय मानकानुसार साधारण आकाराच्या रिकाम्या वर्गात पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलपेक्षा आणि निनादन काल ०.६ सेकंदापेक्षा अधिक नसावा. शिक्षकांचा आवाज गोंगाटापेक्षा १५ डेसिबलने वर असावा, अशी शिफारस केली जाते. हे मानक मुळात ऐच्छिक असल्याने जुन्या इमारतींत गालिचे, पडदे, ध्वनिशोषक फलक आणि बैठकीतील बदल यांवर भर द्यावा लागतो.

समुपदेशन : किशोरवयात अनेक मुले वेगळे दिसू नये म्हणून यंत्र वापरणे टाळतात. आपला दोष समजून घेणे, न ऐकलेले पुन्हा विचारणे आणि आपल्याला कोणती सोय हवी हे स्वतः शिक्षकांना सांगणे यांचे शिक्षण त्यांना दिले जाते.

राउली खटला

कायद्याने दिलेल्या हक्काची मर्यादा कोठवर, हा प्रश्न १९८२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. न्यूयॉर्क राज्यातील हेंड्रिक हडसन शाळा-जिल्ह्याने एमी राउली या कर्णबधिर विद्यार्थिनीला बिनतारी श्रवणयंत्र व शिकवणीची सोय दिली होती, परंतु सांकेतिक भाषेचा दुभाषी नाकारला होता. ती इयत्तेमागून इयत्ता उत्तीर्ण होत असल्याने दुभाषी देणे कायद्याने आवश्यक नाही, असा निर्णय न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी दिला. असहमत न्यायमूर्तींच्या वतीने बायरन व्हाइट यांनी दाखवून दिले, की वर्गात बोलल्या जाणाऱ्या गोष्टींपैकी निम्म्याहून कमी तिला कळत होत्या. पुढे २०१७ मधील एंड्रू एफ. खटल्यात न्यायालयाने नाममात्र प्रगती पुरेशी नसून मुलाच्या परिस्थितीला साजेशी प्रगती साधणारी योजना हवी, असे स्पष्ट केले. परीक्षेत उत्तीर्ण होणे आणि वर्गातील बोलणे समजणे यांतील अंतर मोजून नोंदवणारे पुरावे त्यामुळे अधिक महत्त्वाचे ठरतात.

पात्रता आणि मर्यादा

अमेरिकेत नव्याने या व्यवसायात येण्यासाठी पदवीनंतर साधारणतः चार वर्षांची श्रवणशास्त्रातील डॉक्टरेट आणि राज्याचा परवाना आवश्यक असतो. काही राज्यांत शिक्षण विभागाचे प्रमाणपत्रही लागते. मोठे शाळा-जिल्हे स्वतःचे श्रवणतज्ज्ञ नेमतात. लहान व ग्रामीण जिल्हे अनेकदा प्रादेशिक सहकारी संस्थांमार्फत ही सेवा घेतात आणि अशा वेळी एकच तज्ज्ञ अनेक गावांतील शाळांमध्ये फिरत असतो.

व्यावसायिक संघटनांच्या शिफारशीनुसार दर १०,००० विद्यार्थ्यांमागे एक श्रवणतज्ज्ञ असावा. अनेक जिल्ह्यांत हे प्रमाण गाठले जात नाही. विशेष शिक्षणाच्या अतिरिक्त खर्चाचा ४० टक्क्यांपर्यंत वाटा उचलण्याची केंद्र सरकारची तरतूद आजवर पूर्णपणे अमलात आलेली नाही. मनुष्यबळ अपुरे पडले की चाळणी तपासणी व यंत्रदुरुस्ती यांतच वेळ जातो. वर्गात बसून निरीक्षण करणे आणि शिक्षकांशी बोलणे मागे पडते. याचा फटका प्रामुख्याने सौम्य किंवा एका कानाचा दोष असलेल्या मुलांना बसतो, कारण त्यांची अडचण वर्गातच दिसून येणारी असते.

भारतातील स्थिती

भारतात श्रवणतज्ज्ञ व वाचातज्ज्ञांच्या प्रशिक्षणाचे नियमन भारतीय पुनर्वास परिषद करते. मुंबईतील वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था ही या क्षेत्रातील प्रमुख संस्थांपैकी एक असून तेथे श्रवणतज्ज्ञांबरोबर कर्णबधिरांचे विशेष शिक्षकही घडवले जातात. शालेय मुलांची प्राथमिक तपासणी २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या फिरत्या पथकांमार्फत होते. वर्गातील साहाय्याची जबाबदारी मुख्यतः समग्र शिक्षा अभियानातील विशेष शिक्षकांवर असते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार दोन्ही कानांत बोलण्याच्या कंप्रतांवर ७० डेसिबल श्रवणहानी असलेली व्यक्ती कर्णबधिर, तर ६० ते ७० डेसिबल हानी असलेली व्यक्ती ऐकण्यास कठीण जाणारी मानली जाते. त्यामुळे एका कानाने न ऐकणारे किंवा दोन्ही कानांत ४० डेसिबल हानी असलेले मूल, वर्गात मागे पडत असले तरी, या व्याख्येत बसत नाही. अशा मुलांची अडचण ओळखली जाणे बहुतांशी पालक आणि वर्गशिक्षक यांच्या सजगतेवर अवलंबून राहते.